‘वन पीस’चा वाढदिवस घरच्या घरी: आधी खजिना, शेवटी झेंडा

चूक बहुतेक घरांत एकाच जागी होते. ‘वन पीस’ ही समुद्री चाच्यांची जपानी कार्टून मालिका, आणि गवती टोपीवाला लुफी तिचा नायक. पोरगं म्हणतं, “मला लुफीवाला बर्थडे पाहिजे”, आणि आई-बाबा त्याच संध्याकाळी इंदूरच्या राणीपुरा बाजारात जाऊन काळे फुगे, कवट्यांच्या पताका आणि प्लास्टिकच्या डझनभर तलवारी घेऊन येतात. मग केकची ऑर्डर जाते. आदल्या रात्री अकराला कुणाला तरी सुचतं, पंधरा पोरं अडीच तास करणार काय? उत्तर नसतं. दुसऱ्या दिवशी फुगे अर्ध्या तासात फुटतात, तलवारी डोळ्यांजवळून फिरायला लागतात आणि शेवटी मोबाइलवर गाणी लावून सगळ्यांना गप्प बसवावं लागतं.

असे तीन वाढदिवस मी स्वतः पार पाडले आहेत, दोन बहिणीकडे सुदामानगरात आणि एक आमच्या मल्टीच्या, म्हणजे बहुमजली इमारतीच्या, गच्चीवर. पहिला पुरता फसला. त्यातून एवढं कळलं की हे काम शेवटापासून मागे यायचं असतं: खजिना कुठे आणि कसा उघडणार ते आधी, खेळ आणि खाणं त्यानंतर, आणि सजावट सगळ्यात शेवटी. खालचा हिशोब ७ ते १० वर्षांची १५ मुलं आणि अडीच तास धरून केला आहे.

### १. तीन आठवडे आधी: वाढदिवसवाल्याची मुलाखत

पहिला प्रश्न: “कुठपर्यंत बघून झालंय?” ही मालिका १९९९ पासून चालू आहे आणि तिचे हजाराच्या वर भाग झालेत. सुरुवातीला जहाजावर पाचच जण असतात: लुफी, झोरो, नामी, उसॉप आणि सांजी. मग चॉपर, रॉबिन, फ्रँकी, ब्रूक आणि जिन्बे येत जातात आणि दहा होतात. तुम्ही हौसेने दहाही जणांची चित्रं लावलीत आणि पोरगं अजून पाचावरच असेल, तर पुढे कोण सामील होतं ते तुम्हीच फोडलंत. हा गुन्हा पोरं लवकर माफ करत नाहीत. पाहुण्यांतला सगळ्यात मागे असलेला मुलगा जिथे असेल, तिथपर्यंतचीच पात्रं घ्या.

तुम्ही स्वतः काही पाहिलं नसेल तर एवढं पाठ करा. लुफीने एक विचित्र ‘शैतानी फळ’ खाल्लं म्हणून त्याचं अंग रबरासारखं ताणतं, पण असं फळ खाणाऱ्याला पोहता येत नाही. झोरो तीन तलवारींनी लढतो, त्यातली एक तोंडात. नामी नकाशे काढते, उसॉप नेमबाज, सांजी स्वयंपाकी, चॉपर म्हणजे डॉक्टर झालेलं रेनडिअर. त्यांचं चलन बेरी. मनगटावर बांधायचं होकायंत्र म्हणजे लॉग पोझ, ते पुढच्या बेटाकडे सुई धरतं. वाढदिवसाला एवढ्यावर भागतं.

दुसरी मुलाखत आजीची घ्या. काळा रंग आणि कवटी या दोन्ही गोष्टी वाढदिवसाच्या दिवशी दारात टांगलेल्या बहुतेक मराठी घरांत खपत नाहीत, आणि हे भांडण ऐन औक्षणाच्या वेळी उपटतं. आमच्याकडे आजीने पताका उतरवल्या आणि भाचा रडत बसला. आता आम्ही झेंडा समुद्री निळा ठेवतो आणि त्यावर पिवळी गवती टोपी नि तिला लाल पट्टी, एवढंच काढतो. पोरं लांबूनच ओळखतात.

तपासा: कुठपर्यंत पाहिलंय, आवडती तीन पात्रं आणि आजीची हरकत, या तिन्हींची नोंद कागदावर झाली का? नसेल तर अजून काहीही विकत घेऊ नका.

### २. यादी, वेळ आणि बोलावताना विचारायचे प्रश्न

मुलं १५च्या वर नेऊ नका. पाच-पाच जणांच्या तीन टोळ्या करायच्या आहेत आणि दर टोळीमागे एक मोठं माणूस लागतं. पोरं नुसती मोजण्यासाठी चौथं माणूस ठेवा. एखाद्या काकांना दुसरं काम जमत नसेल तर हे द्या.

निमंत्रण तोंडी द्या किंवा मेसेजवर, पण चार गोष्टी विचारायच्याच:

- जैन जेवण लागतं का? इंदुरात शाळेच्या मित्रांत दोन-तीन मुलं तरी बटाटा-कांदा न खाणारी असतातच, आणि काही घरांत सूर्यास्तानंतर खात नाहीत.
- शेंगदाणा, दूध किंवा आणखी कशाची ॲलर्जी?
- धाकटं भावंड बरोबर येणार का? फुटलेल्या फुग्याचा तुकडा तान्ह्याच्या घशात अडकू शकतो. तीन वर्षांच्या आतलं कुणी येणार असेल तर फुगेच लावू नका.
- मुलाचा एक फोटो, मान आणि खांदे दिसतील असा. कशासाठी ते सांगू नका.

वेळ चार ते साडेसहा. इंदुरात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमाराला मावळतो, जूनमध्ये सव्वासातच्या. म्हणजे थंडीत खाणं सव्वापाचला वाढायला घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये चारला गच्ची तव्यासारखी असते; तेव्हा सगळं तासभर पुढे न्या. पावसाळ्यात गच्ची धरूच नका, पार्किंग मागून घ्या.

आपल्याकडचा आणखी एक पेच भाषेचा. मामे-चुलत भावंडं मराठी बोलतात, शाळेची मित्रमंडळी हिंदी, आणि वाचायची वेळ आली की निम्मी पोरं इंग्रजीच पटकन वाचतात. म्हणून टोळ्या करताना प्रत्येकीत एक तरी मराठी वाचणारं पोर घाला. त्याचा उपयोग पुढे येतो.

### ३. खजिना: शेवटाकडून सुरुवात

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. लोक काय करतात? एकच चिठ्ठ्यांची साखळी, पंधरा पोरं तिच्यामागे, सगळ्यात दांडगं पोर पुढे आणि शेवटी चॉकलेटवर झुंबड. जिंकणारा एक, रडणारे चौदा. तसं नको. तिन्ही टोळ्यांना वेगळी वाट, आणि तिघींनी मिळूनच पेटी उघडायची.

पेटी. घरातली पत्र्याची जुनी ट्रंक. तिला तीन आकडी नंबरचं कुलूप, प्रवासाच्या बॅगेला लावतात ते. प्रत्येक टोळीला शेवटी एकच आकडा मिळणार. कुलपाच्या तीन चकत्यांजवळ लाल, निळा आणि पिवळा ठिपका द्या, म्हणजे कुणाचा आकडा कुठे यावरून वाद नको. नंबर तुम्ही ठरवलात की तो घरातल्या आणखी एका माणसाला सांगा आणि कुलूप दहा वेळा उघडून बघा. आमचं एकदा ऐन वेळी अडलं आणि मेव्हण्यांनी ते पान्याने तोडलं. पोरांना तोच भाग सगळ्यात आवडला, पण कुलूप गेलं.

ठिकाणं. चारच निवडा. मोठ्याला सहज पोहोचता येतं आणि लहानाला चढावं लागत नाही अशी. आमची चार: तुळस, चपलांचा स्टँड, पाण्याचा माठ आणि खाली उभी असलेली स्कूटर. गॅसजवळ, विजेच्या बोर्डाजवळ, टाकीवर, कठड्यावर, वॉशिंग मशीनमध्ये कधीही चिठ्ठी ठेवू नका. तुळशीपाशी चिठ्ठी कट्ट्याला चिकटवा, मातीत पुरलीत तर रोप उपटलं जाणार.

वाटा. ठिकाणांना १ ते ४ आकडे द्या आणि वाटा अशा फिरवा:

- लाल टोळी: १, २, ३, ४
- निळी टोळी: २, ३, ४, १
- पिवळी टोळी: ३, ४, १, २

अशाने दोन टोळ्या एका वेळी एका जागी येत नाहीत. चौथ्या थांब्यावर आकडा मिळतो: लालला ४ वर, निळ्याला १ वर, पिवळ्याला २ वर. प्रत्येक ठिकाणी तीन रंगांचे तीन लिफाफे, म्हणजे १२, आणि सुरुवातीचे ३, असे एकूण १५. नियम एकच, आपल्या रंगालाच हात लावायचा. दुसऱ्याचा लिफाफा उघडला तर पूर्ण टोळीने वीस उड्या मारायच्या.

कोडी. लहान ठेवा. चित्रासकट लिहा म्हणजे भाषा अडणार नाही, पण दर टोळीला एक कोडं फक्त मराठीत द्या. एरवी हिंदीत बुजून गप्प बसणारं मामेभावंड त्या एका चिठ्ठीपुरतं टोळीचा नायक होतं. आमची ही अशी होती:

“संध्याकाळी दिवा माझ्यापुढे, पण मी कधी घरात येत नाही.” (तुळस)
“जोडीने येतात, जोडीने जातात, घरात मात्र कुणी घेत नाही.” (चपला)
“पोट मोठं, तोंड लहान, उन्हाळा असो, मी थंडच.” (माठ)
“चालते दोन चाकांवर, उभी राहते एका पायावर.” (स्कूटर)

कप्तान कोण? सगळ्यांना लुफीच व्हायचं असतं. दर चिठ्ठीला कप्तान बदला. चिठ्ठी वाचेल तो त्या थांब्यापुरता कप्तान, पुढच्या थांब्यावर दुसरा. हे आधीच जाहीर करा, भांडण सुरू झाल्यावर सांगितलेला नियम कुणी मानत नाही.

पेटीत काय? रिटर्न गिफ्टच. पंधराही पुड्या सारख्या, प्रत्येकीवर नाव. सुटे चॉकलेट किंवा खेळणी भरलीत तर ती लूट होते, आणि लुटीत नखं लागतात. सोन्याच्या नाण्यांसारखी चॉकलेटं मेमध्ये ट्रंकेत वितळतात. त्याऐवजी सोनेरी कागदात गुंडाळलेले राजगिऱ्याचे छोटे लाडू किंवा बत्तासे छान दिसतात आणि टिकतात.

तपासा: तीन मोठ्यांना घेऊन तिन्ही वाटा एकदा चालून बघा. पोरांना साधारण दुप्पट वेळ लागतो. तुम्हाला पंधरा मिनिटं लागली तर खेळ अर्ध्या तासाचा.

### ४. दहा दिवस आधी: ‘वॉन्टेड’ पोस्टरं

इनामाची पोस्टरं हा या वाढदिवसाचा जीव आहे आणि ती स्वस्तात होतात. बिघडतात ती क्रम चुकल्यामुळे.

१. ए-फोर कागदावर मजकूर मांडा: वर ‘वॉन्टेड’, मध्ये फोटो, खाली मुलाचं नाव आणि इनामाची रक्कम. मूळ पोस्टरवर ‘जिवंत किंवा मृत’ अशा अर्थाची ओळ असते, ती गाळा. आम्ही तिथे “पाहिजे, खेळायला” असं लिहितो.

२. आता झेरॉक्सच्या दुकानातून, म्हणजे लेझर मशीनवर छापून घ्या. घरच्या इंकजेटची बहुतेक शाई पाण्यात पसरते आणि चहात बुडवल्याबरोबर चेहऱ्यावरून ओघळ येतात. लेझरचा टोनर हलत नाही.

३. दोन लिटर पाण्यात आठ चमचे चहापूड पाच मिनिटं उकळा, गाळा आणि पूर्ण थंड करा. परातीत ओता आणि एकेक कागद दोन-तीन मिनिटं बुडवा.

४. कागद ओला असतानाच कडा बोटांनी कुरतडा. मेणबत्तीने कडा जाळायची पद्धत सोडा, एक कागद पेटला की बाकीचेही जातात.

५. जुन्या चादरीवर वाळत घाला. वर्तमानपत्रावर घालू नका, त्याची शाई मागे उमटते. वाळल्यावर सुती कापडाखाली ठेवून इस्त्री फिरवा.

रक्कम सगळ्यांची सारखी: ३ कोटी बेरी. लुफीचं पहिलं इनाम तेवढंच होतं. कमीजास्त रकमा टाकण्याचा मोह होतो, गंमत म्हणून कुणाला ५० बेरीसुद्धा लिहावंसं वाटतं, कारण चॉपरचं पहिलं इनाम ५० बेरीच होतं. मालिकेत ते विनोदी आहे. तुमच्या दिवाणखान्यात ते पोर कोपऱ्यात जाऊन बसतं. रकमेच्या पुढे थोडी जागा मोकळी ठेवा. खेळ झाला, कुणी मदत केली, ताट स्वतः उचललं, की तिथे एकेक तारा चिकटवायचा. ताट उचलण्याचा तारा आयांना फार आवडतो.

### ५. टोप्या आणि हत्यारं

बाजारातली गवती टोपी पंधरा जणांना महाग पडते आणि मापाला बसत नाही. मोठी पत्रावळ आणि त्यावर पालथा मोठा द्रोण, एवढ्यात टोपी होते. पळसाच्या पत्रावळीचा रंगही तसाच गवताळ असतो. कोरडी पत्रावळ तडकते म्हणून आधी पाण्याचा हात फिरवा, मऊ झाली की मध्ये द्रोणाहून किंचित लहान गोल कापा, द्रोण चिकटवा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. जोडावर लाल फीत. ही फीत टोळीनुसार बदलू नका. टोळीचा रंग मनगटावर बांधा.

जपा: टोपीला गळ्याखालून दोरी बांधू नका. पळताना ती कुठेतरी अडकते. हलकं इलॅस्टिक लावा, ओढलं की सुटेल असं. धावायच्या खेळात टोप्या टेबलावर.

हत्यारांचं थोडक्यात. तलवारी नकोत. झोरो तोंडात तलवार धरतो आणि दर वाढदिवसाला एक तरी पोर तसं करून पळतं; पडलं तर ती काठी घशात जाते. झोरो व्हायचंच असेल त्याला कमरेला हिरवा पट्टा आणि कागदाच्या तीन सुरळ्या खोचून द्या, त्या हातात घेण्याआधीच चुरगळतात. उसॉपसाठी गलोल देऊ नका, कागदाचे गोळे आणि बादली द्या.

### ६. सजावट: एक जहाज, बाकी रिकामं

फ्रीजचं खोकं कबाडीकडून आणा आणि त्याचा जहाजाचा पुढचा भाग करा. थाऊजंड सनी या जहाजाच्या तोंडाशी सिंह आहे, पण तो सूर्यफुलासारखा दिसतो. त्यामुळे पिवळी पत्रावळ आणि भोवती नारिंगी कागदाच्या पाकळ्या, झालं. शीड म्हणून आजोबांचं पांढरं धोतर फार देखणं दिसतं. डोलकाठीला गुढीची काठी घ्यायची असेल तर आजीला विचारून.

सामानाची एकच फेरी करा: कागद खजुरी बाजारात, कापड सीतलामाता बाजारात, फुगे-फिती राणीपुऱ्यात. गाडी न नेता गेलात तर अर्धा तास वाचतो.

१ जुलै २०२२ पासून थर्माकोलची सजावट, प्लास्टिकचे झेंडे, फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्या, प्लास्टिकचे पेले-ताटल्या-चमचे-स्ट्रॉ आणि १०० मायक्रॉनपेक्षा पातळ पीव्हीसी बॅनर यांवर देशभर बंदी आहे. दुकानात अजून मिळतात म्हणून घेऊ नका. ताटं-वाट्या स्टीलच्या, घरात कमी असतील तर टेंट हाउसवाल्याकडून.

जपा: हवेत तरंगणारे फुगे रस्त्यावरच्या फुगेवाल्याकडून भरून आणू नका. त्यात बरेचदा हायड्रोजन असतो आणि निरांजनाजवळ तो भडकतो. बर्फासारखा फेस उडवणारे स्प्रेही तसेच पेट घेतात, मेणबत्ती पेटलेली असताना ते घरात नकोतच.

### ७. खाणं: लुफीचं मांस, आपल्या पद्धतीने

दोन्ही टोकांना हाड बाहेर आलेला मांसाचा मोठा गोळा, हे लुफीचं आवडतं खाणं, आणि पोरं तेच मागतात. शाकाहारी आणि जैन चालेल असं करायचं तर हाडाच्या जागी बेबी कॉर्न आणि मांसाच्या जागी कच्ची केळी. हाडसुद्धा खाता येतं, काडी फेकायचा प्रश्न नाही.

१५ मुलांना दोन-दोन धरून ३० नग:

- बेबी कॉर्न ३०
- मोठी कच्ची केळी १२ ते १४
- पनीर ३०० ग्रॅम
- भाजून भरडलेले पोहे ३ वाट्या
- मैदा १ वाटी, कॉर्नफ्लोअर २ चमचे
- मीठ, थोडी मिरपूड, जिरावन (इंदुरी मसाला) हलक्या हाताने

आदल्या रात्री: केळी सालासकट दोन शिट्ट्यांत उकडा, सोला, गार करा, किसा. पनीर कुस्करून घाला, मीठमसाला लावा. बेबी कॉर्न मिठाच्या पाण्यात तीन मिनिटं उकळा आणि कापडावर पसरून अगदी कोरडे करा. घाईत इथेच चुकतं: कॉर्न ओला राहिला की आवरण घसरतं आणि तेल अंगावर उडतं.

दुपारी: कॉर्नच्या मधोमध सारण दाबून बसवा, दोन्ही टोकं बाहेर. मैदा-कॉर्नफ्लोअरच्या पातळ पिठात बुडवून पोह्यांच्या भरड्यात घोळवा. ताटात मांडून दोन तास फ्रीजमध्ये.

ऐन वेळी: आधी एकच तळून बघा. फुटला तर सारणात मूठभर पोह्यांचा भरडा मिसळा. मध्यम आचेवर तांबूस करा. तळण गच्चीवर किंवा पोरांच्या वाटेत नको.

बरोबर सेव, काकडीचे काप, लिंबाचं सरबत. इंदुरी शिकंजी मोठ्यांना द्या, ती दुधाची आणि जड, आणि या पोरांना नंतर फिरायचं आहे.

शैतानी फळांसाठी पिकलेली केळी घ्या. सकाळी टूथपिकने सालीवर गोल गोल वेटोळी कोरा, फक्त साल ओरबाडायची. तासाभरात रेषा तपकिरी होतात आणि फळ अगदी मालिकेतल्यासारखं दिसतं, शाईचा थेंब न लावता. प्रत्येकावर एक शक्तीची चिठ्ठी चिकटवा: “पाच मिनिटं कुजबुजतच बोलायचं”, “पुढच्या गाण्यापर्यंत एका पायावर”. १५ मुलांना १८ केळी, तीन पडतातच.

केक बिनअंड्याचा, दोन दिवस आधी सांगून ठेवलेला. काळं किंवा गडद निळं क्रीम नको म्हणून बजावा; जीभ, दात आणि फोटो सगळं रंगतं. फिकट निळा साधा केक घ्या आणि वर घरी केलेली छोटी टोपी ठेवा.

### ८. त्या दिवशीचा क्रम

क्रम बदलू नका, विशेषतः केक आणि खजिन्याचा. पहिल्या वर्षी मी खजिना आधी शोधायला लावला आणि पेटी जेवणानंतर उघडू म्हटलं. पंधरा पोरं ट्रंकेला घेरून बसली, कुणी घासाला हात लावेना. आता खाणं आधी, खजिना शेवटी, आणि पेटी उघडली की घरी.

४:००, आगमन. दारात टोपी, मनगटाला रंगीत फीत, भिंतीवरचं आपलं पोस्टर शोधायचं. उशिरा येणाऱ्यांसाठी हे वीस मिनिटं चालू ठेवा.

४:२०, डोंगर का पाणी. हा आपला जुना खेळ इथे चपखल बसतो, कारण ज्याने शैतानी फळ खाल्लंय त्याला पोहता येत नाही. खडूने बेटं आखा. “पाणी” म्हटल्यावर जो बेटाबाहेर सापडेल तो गोठला. त्याच्या टोळीतल्या दुसऱ्याने येऊन हात लावला की सुटला. कुणालाही बाद करायचं नाही. बाद झालेलं पोर केकमध्ये बोट घालतं.

४:५०, औक्षण आणि केक. औक्षणाच्या वेळी टोप्या काढून ठेवा, वाढदिवसवाल्याचीही. वाळलेली पानं आणि निरांजन यांची गाठ नको. कुंकू लावून, ओवाळून झालं की निरांजन देवापाशी ठेवा आणि मगच टोपी. ऑफिसातून निघालेल्या काकांसाठी केक थांबवू नका. ते आले की त्यांना फोटो दाखवा.

५:१५, खाणं. खाली बसवून. ताट उचलणाऱ्याला तारा.

५:४०, होकायंत्र. पोट भरल्यावर लगेच पळवायचं नाही, म्हणून हा बैठा प्रयोग. काचेच्या वाडग्यात पाणी, त्यावर पिंपळाचं छोटं पान, पानावर चुंबक घासलेली सुई. चुंबक एकाच दिशेने चाळीस वेळा घासायचं, मागेपुढे नाही. सुई मोठ्याच्याच हातात. पान हळूहळू वळतं आणि उत्तर-दक्षिण धरतं. तेवढ्यात पोरं जी गप्प होतात ती बघण्यासारखी. सुईचं कुठलं टोक उत्तरेला जातं ते आदल्या दिवशी मोबाइलच्या होकायंत्राशी ताडून नेलपॉलिशने रंगवून ठेवा. मोबाइल वाडग्याला टेकवू नका, त्यातलं चुंबक सुईला ओढतं. पंखा बंद. लोखंडी टाकी, कूलर, गेट यांपासून वाडगा दूर ठेवा. उत्तरेच्या भिंतीला तीन रंगांचे तीन लिफाफे लावलेले असतात, तीच पहिली चिठ्ठी.

५:५५, शोध. तीन टोळ्या, तीन मोठी माणसं. जिन्यात पळायचं नाही. मल्टीत असाल तर लिफ्ट बंदी. कोडं तीन मिनिटांत सुटलं नाही तर मोठ्याने एक इशारा द्यायचा, उत्तर नाही. थंडीत याआधीच अंधार पडतो, तेव्हा चारही ठिकाणी दिवे लागलेत ना ते बघा.

६:२५, पेटी. तीन आकडे, तीन पोरं, एकेकाने आपली चकती फिरवायची. नाव पुकारून पुडी द्या. पोस्टर गुंडाळून त्याच्याच हातात.

तपासा: निरोप देताना मोजणाऱ्या काकांकडून संख्या घ्या. पंधरा आली, पंधरा गेली.

### ९. रात्रीच

कागदाला लावलेल्या चिकटपट्ट्या वेगळ्या काढा. पत्रावळी, केळीची सालं आणि उष्टं ओल्या कचऱ्यात, फुग्यांचे तुकडे वेगळे. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू आल्यावर हे करायला बसलात तर गाडी निघून जाते. धोतर भिजत घाला, क्रीमचे डाग वाळले की निघत नाहीत. आणि झाडू मारण्याआधी सुया मोजा; काढताना किती होत्या ते लिहून ठेवलं असेल तरच हिशोब लागतो.